भिंगवाल्यांनी घासलेल्या किल्ल्या

जावयाने आपल्या सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं असं म्हणणं धडधडीत खोटं होईल. त्या पहिल्या भेटीत बराच वेळ त्याला सासरे दिसलेच नाहीत. त्याने मुलीच्या घराची घंटा वाजवली, दार उघडलं, आतून एक हात आला आणि कुणी ‘या, बसा’ म्हणायच्या आत त्या हाताने त्याच्या नाकावरचा चष्मा उचलून नेला. पुढचं सगळं धुक्यात घडलं. धुक्याचा एक आखूड, रुंद तुकडा ओरडला, “हे भिंग कुठल्या गाढवाने घासलंय?” आणि आतल्या खोलीत नाहीसा झाला. दुसरा उंच तुकडा म्हणाला, “बसा, ह्यांचं असंच असतं.” जावई बसला. नंतर कळलं की तो शिवणाच्या टोपलीवर बसला होता.

आतून घर्र घर्र असा आवाज येत राहिला आणि बाहेर त्याने अंदाजाने वागायला सुरुवात केली. खुंटीवरच्या कोटाला त्याने वाकून नमस्कार केला. आपल्या नोकरीची, स्वभावाची आणि प्रकृतीची माहिती त्याने उघड्या कपाटाला तपशीलवार दिली. कोपऱ्यात कुणीतरी अंग चोरून बसलं होतं, तीच मुलगी असं समजून त्याने तिकडे बघून दोनतीनदा हळुवार स्मित केलं. ती गुंडाळून ठेवलेली गादी होती. मुलगी त्याच्या मागे उभी राहून हसू दाबत होती. पुढे सबंध संसारात तिने एकाही भांडणात हा मुद्दा सोडला नाही: “माझ्याआधी तुम्ही गादी पसंत केली होतीत.”

मग चष्मा परत नाकावर आला आणि जग असं लख्ख झालं की त्याला सासूबाईंच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता आल्या असत्या. समोर एक ठेंगणे गृहस्थ उभे होते. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, बोटांच्या पेरांत पॉलिशची तांबूस पूड, चेहऱ्यावर सर्जनचा भाव.

“आता बघा,” ते म्हणाले, “आणि मग हो म्हणा.”

त्याने बघितलं आणि हो म्हटलं. खरं सांगायचं तर मुलीपेक्षा थोडा आधी तो सासऱ्यांच्याच प्रेमात पडला.

सासऱ्यांना सारं गाव भिंगवाले म्हणे. चष्म्याची भिंगं घासणं हा त्यांचा धंदा, आणि हाताला खरोखर देवाची देणगी. पण त्या देणगीचा परिणाम असा झाला होता की जगातलं प्रत्येक दुःख वस्तू पुरेशी न घासल्यामुळे होतं, असं त्यांचं ठाम मत बनलं होतं. न्हाणीघराचं दार चिकटायला लागलं, त्यांनी ते घासलं. घासता घासता ते इतकं लहान झालं की पुढे आत गेलेल्या माणसाला सतत गाणं म्हणावं लागे. सुरी बोथट झाली, त्यांनी घासली. तिचं आधी पातं राहिलं, मग दाभण, मग नुसती मूठ. सासूबाई म्हणत, “ह्यांच्या हातात वस्तू दिली की ती चमकते आणि मग दिसेनाशी होते. मला इतकी वर्षं हात लावला नाही हे माझं नशीब.”

या आनंदी माणसाच्या पोटात एक गाठ होती, ती म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. पूर्वी दोघांचं मिळून एक दुकान होतं. दादा पुढे बसून डोळे तपासत, हे मागे बसून भिंगं घासत. एकदा एक गिऱ्हाईक परत आलं आणि म्हणालं, डाव्या डोळ्याला जमीन कलती दिसते. दादांनी भरल्या दुकानात पडद्यामागे हात करून सांगितलं, “त्याला काय विचारता? त्याला एक गोष्ट धड सांभाळता येत नाही.” सासऱ्यांनी अंगावरचा एप्रन काढला, आपलं घासायचं चाक उचलून बगलेत धरलं, गिऱ्हाइकांच्या मधून चालत बाहेर पडले आणि थेट दुसऱ्या गावी संसार मांडला. त्याला किती वर्षं झाली हे दोघे भाऊ वेगवेगळं सांगत. आपण जास्त वर्षं गप्प राहिलो हे दोघांनाही सिद्ध करायचं होतं.

मोटार त्यानंतर आली, दादांच्या नाकावर टिच्चून. जुनीच घेतली होती, पण सासऱ्यांनी तिला इतकं पॉलिश केलं की शेजारपाजारचे लोक तिच्यात बघून भांग पाडत. एक ना एक दिवस ही गाडी दादाच्या दारात नेऊन उभी करायची, एकदाच हॉर्न वाजवायचा, आणि तो बाहेर आला की काच खाली करून म्हणायचं, ‘बघ, सांभाळली की नाही?’ एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्या माणसाला होती. दरवर्षी ते जायचं ठरवत आणि दरवर्षी गाडीला आणखी एक हात पॉलिश मारून थांबत. गाडीची काळजी म्हणाल तर सासूबाईंना सवत आणल्यासारखं वाटावं अशी. घरापुढे रस्त्याला उतार होता आणि हँडब्रेकवर सासऱ्यांचा विश्वास नव्हता. म्हणून गाडी लावताना ते स्टिअरिंग पार पिळून पुढचं चाक फुटपाथच्या दगडावर दाबून ठेवत. म्हैस गव्हाणीत तोंड घालते तशी ती गाडी रात्रभर दगडात तोंड घालून उभी असे.

आणि मग एके दिवशी सकाळी फोन वाजला. फोनवर वहिनी, म्हणजे दादांची बायको. दादांच्या पोटाचं ऑपरेशन होतं, त्याच दिवशी दुपारनंतर. “डॉक्टर काही नक्की सांगत नाहीत भाऊजी,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी एकच धोशा लावलाय, धाकट्याला बोलवा. त्याचं तोंड बघतो आणि मग आत जातो म्हणतात. तुम्ही याल ना?”

गाडीने तीन तासांची वाट. सूर्य नुकता वर आला होता, वेळ चिकार होता. सासऱ्यांनी चांगला कोट चढवला, बूट पुसले, गाडीत बसले, किल्ली घातली आणि फिरवली. किल्ली फिरली नाही.

जावई ग्रंथालयात कारकून होता. बायको परगावी कामाला गेलेली, तिने तिथून फोन करून त्याला सांगितलं, “बाबा काहीतरी घासत बसलेत असं आई म्हणते. तुम्ही जा आणि त्यांना काकांकडे पोचवा. कसंही करा, पण आज पोचवा.” तो पोचला तेव्हा गाडीचं दार उघडं होतं, सासरे स्टिअरिंगपुढे बसले होते, आणि घरात ठेवलेलं घासायचं चाक बाहेर पायरीवर आलं होतं.

“फिरत नाही,” सासरे म्हणाले.

“जरा जोर लावून बघू का?”

“जोर लावायला मी काय हमाल आहे? धातू बोलत असतो, जावईबापू. तो काय म्हणतो ते ऐकायचं.”

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, मला घासा.”

किल्ली आधीच घासून झाली होती. ती त्यांनी पुढे धरली. वर्षानुवर्षांच्या वापराने तिचे दात झिजलेले होतेच. जे काही राहिले होते त्यांना आता आरशासारखी झिलई आली होती. तिच्यात जावयाला स्वतःचा घाबरलेला चेहरा दिसला.

खिडकीतून सासूबाई म्हणाल्या, “अहो, टॅक्सी बोलवा आणि जा.”

“टॅक्सीतून उतरू? दादासमोर?”

“दादा खाटेवर आहेत. ते काय गच्चीत उभे राहून दुर्बीण लावणार आहेत?”

“पहिला प्रश्न तोच विचारेल. कसा आलास? टॅक्सीने आलो म्हटलं की संपलं. हसेल. टाके घालायच्या आधीच हसेल. दहा मिनिटं द्या मला.”

बस होती, पण सकाळची निघून गेलेली आणि पुढची अंधार पडल्यावर पोचणारी. जावयाने कोपऱ्यावर जाऊन गुपचूप टॅक्सीला फोन केला. टॅक्सी आली तेव्हा सासरे पाय सीटवर आणि डोकं पेडलपाशी अशा अवस्थेत स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिकचं झाकण उघडत होते. टॅक्सीवाला मोठा सभ्य माणूस. वाकून त्याने उलट्या चेहऱ्याला विचारलं, “काका, जायचं ना?”

“दहा मिनिटं,” उलटा चेहरा म्हणाला.

तो थांबला. थोड्या वेळाने त्याने परत विचारलं, परत दहा मिनिटं मिळाली. तिसऱ्या वेळी तो जावयाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “साहेब, मला दुसरं भाडं आहे. पण खरं सांगू? हे येणार नाहीत. मी रोज माणसं नेतो. ज्याला जायचं असतं तो टॅक्सी बघून आधी उठून बसतो.” आणि तो गेला. जावयाने पुन्हा फोन केला तर उत्तर आलं, आता दुसरी गाडी संध्याकाळशिवाय नाही.

तेवढ्यात सासूबाईंना आठवलं की गाडी घेतली तेव्हा दोन किल्ल्या मिळाल्या होत्या. दुसरी त्यांनी बटणांच्या डब्यात लपवून ठेवली होती, सासऱ्यांच्या नजरेपासून दूर. नवी कोरी, एकदाही न वापरलेली, दात शाबूत. त्यांनी ती नवऱ्याच्या हातात न देता खिडकीतून सरळ जावयाकडे टाकली. बाई हुशार. जावई गाडीत बसला, किल्ली घातली, हलकेच पिळली. आत कुठेतरी ‘टक्’ झालं. किल्ली केसभर फिरली.

“फिरतेय,” तो म्हणाला. ते त्याने मोठ्याने म्हणायला नको होतं.

सासऱ्यांचा हात आत आला. चष्मा उचलला होता तोच हात, तीच चपळाई. किल्ली बाहेर.

“बघितलंत? अगदी थोडक्यात अडलंय. एक हात मारला की लोण्यासारखी फिरेल.”

“बाबा, नको. आहे तशीच पुन्हा घालून बघू.”

“अहो जावईबापू, न घासलेलं भिंग कुणी डोळ्याला लावतं का?”

त्या क्षणी जावयाने झडप घालायला हवी होती. कुठल्याही शहाण्या माणसाने घातली असती. पण सासऱ्यांच्या हातातून वस्तू हिसकावणं त्याच्या नात्यात बसत नव्हतं आणि ग्रंथालयात आयुष्य गेल्यामुळे स्वभावातही बसत नव्हतं. फार तर त्याने ‘कृपया परत करा’ अशी चिठ्ठी लावली असती. तो पायरीपर्यंत मागे मागे गेला, “बाबा, बाबा” करत राहिला, आणि चाक घर्र घर्र फिरत राहिलं. सासूबाईंनी खिडकी लावून घेतली.

घासलेली दुसरी किल्ली कुलपात अशी अलगद गेली की जणू कुलूप नव्हतंच. ती उजवीकडे नाही, डावीकडे नाही, कुठेच अडेना आणि कशालाच धरेना. आधी ती फिरत तरी होती केसभर. आता तो केसही गेला.

सासऱ्यांनी ती बाहेर काढली, आत घातली, बाहेर काढली. कोटाच्या बाहीने घाम पुसला. “दहा मिनिटं,” ते म्हणाले, पण कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ज्याला फोन करायला हवा होता त्याला जावयाने शेवटी फोन केला. गॅरेजवाला नेमका त्या दिवशी परगावी, कुणाच्या तरी बिघडलेल्या ट्रकखाली होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“किल्ल्या घासल्या?”

“हो.”

“दोन्ही?”

“दोन्ही,” जावई म्हणाला. ट्रकखालच्या माणसाने हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

“अहो साहेब, दात म्हणजेच किल्ली. बाकीची पकडायला असते.”

“मग आता सगळं कुलूपच काढता येईल का?”

“येतं ना. किल्ली थोडी फिरवायची, बारीक खिळा दाबायचा, बाहेर येतं.”

“पण किल्ली फिरत नाही म्हणून तर कुलूप काढायचंय.”

“मग नाही येत.” थोडा विचार करून तो म्हणाला, “एक सांगा. काकांनी चाक दगडाला दाबून लावलंय का? त्यांची ती सवय आहे. मी शंभरदा सांगितलं. चाक स्टिअरिंगला ढकलतं, स्टिअरिंग कुलपाच्या बोल्टावर रेलतं, बोल्ट आवळून बसतो, मग किल्ली कशी फिरेल? गाडी वीतभर मागे घ्यायची, स्टिअरिंग जरा हलवायचं, झालं. कुलपाला काही झालेलं नसतं. म्हणजे,” तो अडखळला, “नव्हतं.”

तिघांनी मिळून गाडी ढकलली. सासूबाईंनी पदर खोचून बॉनेटला खांदा दिला. गाडी उताराविरुद्ध हातभर मागे गेली, जावयाने चाकापुढे वीट सरकवली, स्टिअरिंग जरासं हलवलं. आतून ‘कट्ट’ असा आवाज आला. अडकलेलं जे काही होतं ते सुटलं होतं. सकाळी एवढंच करायचं होतं. एक धक्का आणि एक हिसका, आणि एव्हाना दोघे भाऊ दवाखान्यात एकमेकांवर ओरडत असते.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि हे फार वाईट लक्षण होतं. त्या बाईने नवऱ्याला टोमणा मारायची संधी आजवर एकदाही वाया घालवली नव्हती. सासरे ज्या दगडावर चाक टेकलेलं होतं त्याच दगडावर बसले. दोन्ही किल्ल्या त्यांच्या तळहातावर उन्हात चमकत होत्या. तो चांगला कोट, ते पुसलेले बूट, आणि वर चेहरा असा की बघवेना.

“दादा बरोबरच म्हणाला होता,” ते म्हणाले. “एक गोष्ट धड सांभाळता येत नाही मला.”

“बाबा, उठा.”

“तो वाट बघत असेल हो. मला लहानपणी शाळेत घ्यायला यायचा तेव्हाही मीच उशिरा बाहेर यायचो. तो दारात उभा असायचा. एकदासुद्धा मला टाकून गेला नाही. आता जाईल.”

सासूबाई वळल्या आणि तशाच, चपला न घालता, गल्लीच्या टोकाला असलेल्या सुताराच्या दुकानाकडे चालू लागल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात लांबलचक वायर होती आणि मागे ड्रिल घेतलेला सुतार.

दरम्यान सासऱ्यांनी स्वतःचं ड्रिल आणलं होतं. ते होतं बिनफ्रेमच्या चष्म्यांना भोकं पाडायचं. त्याची सुई माणसाच्या मिशीएवढी. ती कुलपाला लागायची, ‘टिक्’ व्हायचं आणि मोडायची. ते दुसरी लावायचे. हत्तीला टाचणीने मारण्याचा हा उद्योग सुताराने क्षणभर पाहिला, मग सासऱ्यांना खांद्याला धरून बाजूला केलं.

“काका, कुलूप कामातून जाईल. चालेल ना?”

“जाऊ दे. सगळं जाऊ दे. मला फक्त पोचायचंय.”

सकाळपासूनचं हे पहिलं शहाणं वाक्य होतं. सुताराने ड्रिल लावलं. पितळेचा पिवळा कीस सासऱ्यांच्या कोटावर उडाला, सीटवर उडाला, आणि कुलपाच्या जागी एक भगदाड राहिलं. त्यात सुताराने मोठा स्क्रू ड्रायव्हर घातला आणि फिरवला. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि चालू झालं. कुणी आनंदाने ओरडलं वगैरे नाही.

“स्टिअरिंगचा बोल्ट मी उपटून टाकलाय, तो आता अडवणार नाही,” सुतार म्हणाला. “पण हा स्क्रू ड्रायव्हर कुणीतरी धरून बसायला लागेल. सोडलात की इंजिन बंद. आणि एकदा बंद पडलं की परत लागेल याची खात्री नाही.”

त्यामुळे सासरे गाडी चालवत होते आणि जावई शेजारी अंग वाकडं करून, दोन्ही हातांनी स्क्रू ड्रायव्हर दाबून बसला होता, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. आणि सासरे गाडी कशी चालवत होते? जशी रोज चालवत तशी. प्रत्येक वळणाला हॉर्न, प्रत्येक खड्ड्याला मान. सायकलवरचा एक म्हातारा त्यांना मागे टाकून गेला आणि जाता जाता त्याने सहानुभूतीने हात केला.

“बाबा, थोडं वेगात.”

“गाडी सांभाळून चालवावी लागते.”

“सांभाळण्यासारखं काय राहिलंय तिच्यात?”

हे तोंडातून गेलं आणि जावयाने जीभ चावली. पण सासरे चिडले नाहीत. त्यांनी पाय जरा दाबला. गाडी पळायला लागली. बऱ्याच वेळाने जावयाने विचारलं,

“टॅक्सी का परत पाठवलीत? टॅक्सीत बसला असतात तर केव्हाच पोचला असतात.”

“तेच तर.”

“म्हणजे?”

“म्हणजे पोचलो असतो. आणि मग काय बोललो असतो?” सासरे रस्त्याकडे बघत होते. “इतक्या वर्षांनी दारात उभं राहायचं, तोंड उघडायचं, आणि त्यातून काय बाहेर पडेल ते माहीत नाही. मला घासताना सुचतं, जावईबापू. हात चालू असला की डोकं चालतं. दोन किल्ल्या घासल्या तेव्हा कुठे एक वाक्य सुचलं.”

“काय?”

“ते त्यालाच सांगेन.”

जावयाच्या मनगटाला कळा येत होत्या. त्याने पकड बदलली नाही. त्याला आता त्या वाक्याचीच भीती वाटत होती. ते बाहेर पडायच्या आत कुठे सिग्नल लागू नये, ट्रक आडवा येऊ नये, हातातला हा लोखंडी तुकडा निसटू नये. आयुष्यात त्याने देवाकडे बढतीसुद्धा मागितली नव्हती. त्या दिवशी त्याने सगळी थकबाकी एकदम मागितली.

दवाखान्याच्या दारात पोचल्यावर सासऱ्यांनी हॉर्न वाजवला नाही. गाडी कशीतरी भिंतीशी लावली, ब्रेक ओढला आणि उतरून पळत सुटले. जावयाने स्क्रू ड्रायव्हर सोडला, इंजिन मेलं, बोटं काही सरळ होईनात. तशीच वाकडी बोटं घेऊन तोही धावला.

वरच्या मजल्यावर लांब बोळ, हिरव्या रंगाच्या भिंती, औषधांचा वास. बाकावर वहिनी एकट्या बसल्या होत्या, मांडीवर दादांचे कपडे नीट घडी घालून. त्यांनी वर बघितलं.

“आत्ताच नेलं भाऊजी.”

सासरे उभेच राहिले.

“दोनदा परत पाठवलं ह्यांनी त्या लोकांना. माझा भाऊ येतोय, थांबा म्हणाले. तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतः आले. आता नाही थांबता येत म्हणाले.”

“काही म्हणाला का?”

“तुम्ही कसे येताय विचारत होते. मी म्हटलं, गाडीने.”

“मग?”

वहिनींनी डोळे पुसले. “म्हणाले, मग उशीर होणारच.”

सासरे बाकावर बसले. कोटावरचा पितळेचा कीस दिव्याखाली चमकत होता. वहिनींनी तो झटकायला सुरुवात केली, पण तो कापडात रुतून बसला होता. बंद दाराकडे बघत सासरे ओठ हलवत होते. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असावेत, विसरू नये म्हणून. ऐकू काही येत नव्हतं. जावयाने इतका असहाय माणूस कधी पाहिला नव्हता. त्यांचे हात रिकामे होते आणि घासायला तिथे काही नव्हतं. मग त्यांच्या अंगठ्याने बाकाची कड घासायला सुरुवात केली. पुढे मागे, पुढे मागे. ते कुणी थांबवलं नाही.

बाहेर उजेड मावळत आला तेव्हा डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, चांगलं झालं. गाठ निघाली. काळजीचं कारण नाही. गुंगी उतरून सकाळपर्यंत बोलायला लागतील.

वहिनी भिंतीला टेकून रडल्या. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्यांचे खांदे हलत राहिले. जावईही रडला, चष्मा पुसायला त्याची बोटं अजून वळत नव्हती. जगातली सगळी कुलपं त्या घटकेला उघडी झाली असं त्याला वाटलं.

मग सासऱ्यांनी हात खाली घेतले. खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. कोटाचं बटण लावलं. जावई त्यांच्याकडे बघत होता, म्हणून त्याला ते स्पष्ट दिसलं: भीती गेली, सुटका आली, आणि सुटकेच्या मागोमाग, बसमध्ये आपली राखीव जागा पकडायला यावं तसा, तो जुना पीळ परत येऊन बसला.

“बरा आहे ना?” ते म्हणाले. “झालं तर मग. वहिनी, त्याला सांगा, मी आलो होतो. गाडीने.”

“भाऊजी, सकाळपर्यंत थांबा. उठल्यावर पहिलं तुमचं नाव घेतील.”

“आता त्याने यायचं. मी एकदा आलो.”

“बाबा,” जावई म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, नात्यात बसत नसतानाही. “दिवसभर हे केलं ते कशासाठी? एक रात्र बसा बाकावर. मी बसतो बरोबर. ते वाक्य सांगा आणि मग चला.”

“ते वाक्य मरणाऱ्या माणसासाठी होतं, जावईबापू.”

“अहो, पण ते जिवंत आहेत.”

“हो ना,” सासरे म्हणाले. “त्याला तसलं बोललो तर तो आयुष्यभर ऐकवेल.”

जावयाने हात जोडले, वहिनींनी विनवलं, एका नर्सनेसुद्धा काहीही माहीत नसताना ‘थांबा ना काका’ म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. सासरे जिना उतरून खाली गेले. गाडी चालू झाली नाही. जावयाने स्क्रू ड्रायव्हर घालून वीस प्रकारे फिरवून पाहिला, भोकातून नुसती भुकटी पडत राहिली. शेवटी गाडी तिथेच सोडून दोघे बसने परतले. वाटेत सासरे एकदाच बोलले. “तब्येत कशी दिसत होती त्याची, ते विचारायचं राहिलं,” ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून झोपले, किंवा झोपेचं सोंग घेतलं.

दादा बरे झाले. दोघा भावांची भेट पुन्हा झाली नाही. पुढच्या वर्षी थंडीत सासरे वारले, आणि दादांना फोन केला तेव्हा ते म्हणाले की गुडघे धरलेत, प्रवास झेपणार नाही.